खडकीचीं लष्करी थडगीं व नांवांचा हिशेब

आपल्या मंडळींस दगड वाचण्याची हौस मोठी. देवळाच्या उंबऱ्यावर झिजलेला शक असो, विहिरीच्या काठावर मोडी ओळ असो, कीं शेताच्या बांधावर गधेगळ पडलेला असो, तो नजरेस आला कीं कागद व पेन्सिल बाहेर निघालीच. परंतु गांवाबाहेरील जुन्या छावणीच्या ख्रिस्ती दफनभूमीवरून जातांना हीच मंडळी मान वळवीत नाहींत. तेथील दगड इंग्रजी, फार तर दीड-दोनशें वर्षांचे, आणि परक्यांचे. त्यांत संशोधन तें काय करावयाचें, अशी समजूत याच्या मुळाशीं असावी. प्रस्तुत लेखकाचीहि अनेक वर्षें हीच समजूत होती. ती कां सोडावी लागली, आणि सोडल्यावर काय हातीं आलें, तें येथें मांडतों.

खुद्द इंग्रजांनीं या विषयाकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. मद्रास इलाख्यांतील थडग्यांवरील लेखांची यादी जे. जे. कॉटन यांनीं १९०५ सालीं छापली. पंजाबची माइल्स अर्व्हिंग यांनीं १९१० सालीं, व संयुक्त प्रांतांची ई. ए. एच. ब्लंट यांनीं १९११ सालीं. या याद्या चिकाटीनें केलेल्या असून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सांपडल्यास संग्राहकांनीं अवश्य घ्याव्या. परंतु त्यांचीं सालें पाहिलीं म्हणजे त्यांतील उणीव आपोआप कळते. १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धाचा एकहि दगड त्यांत असणें शक्य नाहीं. शिवाय यादीकारांची नजर मुख्यतः अधिकारी व नामांकित पुरुष यांच्याकडे. साध्या शिपायाचा दगड त्यांच्या गणतींत क्वचितच येई. पुढें १९७६ सालीं दक्षिण आशियांतील युरोपीय दफनभूमींच्या रक्षणासाठीं ब्रिटनमध्यें एक संस्था निघाली व तिनें पुष्कळ काम केलें. तरी जागेवर जाऊन दगडन् दगड वाचण्याचें व त्याचें छायाचित्र घेण्याचें काम जवळ राहणाऱ्यासच साधतें, आणि जवळ राहतों तों आपण.

आतां खडकीकडे वळूं. खडकी म्हटलें कीं वाचकांस ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. त्याच खडकींत, होळकर पुलाजवळ, दुसऱ्या महायुद्धांतील मृत सैनिकांची वॉर सिमेटरी आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत विखुरलेलीं, आणि ज्यांची कायमची निगा राखली जाईल अशी शाश्वति नव्हती अशीं थडगीं एकत्र आणण्यासाठीं ती निर्माण झाली. तेथें १६६८ जणांचीं थडगीं आहेत. पहिल्या भेटींत मनुष्य त्या दगडांच्या ओळी पाहून परत येतो आणि सर्व पाहिलें असें समजतो. मीहि तसाच परत आलों होतों. वस्तुतः त्या एकाच आवारांत तीन निरनिराळीं प्रकरणें आहेत व तीं वेगळीं ठेवल्यावांचून पुढें पाऊल टाकतां येत नाहीं.

पहिलें प्रकरण या १६६८ थडग्यांचें. दुसरें प्रकरण १९१४-१८ च्या स्मारकाचें. त्यावर अठराशेंहून अधिक सैनिकांचीं नांवें आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांचे देह तेथें नाहींत. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते या देशांत मरण पावले, ठिकठिकाणच्या नागरी व छावणीच्या दफनभूमींत पुरले गेले, आणि त्या थडग्यांची निगा राखणें पुढें अशक्य झालें म्हणून त्यांचीं नांवें येथें कोरलीं. या दफनभूमि आज कांहीं भारतांत व कांहीं पाकिस्तानांत आहेत. याला अपवाद ६२९ जणांचा. मुंबईच्या शिवडी येथील दफनभूमींतून त्यांचे अवशेष मार्च १९६२ मध्यें खडकीस आणून पुन्हां पुरण्यांत आले. तिसरें प्रकरण सर्वांत लहान, आणि सर्वांत कमी पाहिलें जाणारें. पूर्व व पश्चिम आफ्रिकेंतील सुमारें दोनशें सैनिक दुसऱ्या महायुद्धांत रणक्षेत्राबाहेर, या देशांत मरण पावले. त्यांचीं थडगीं एकतर राखण्याजोगीं राहिलीं नव्हतीं किंवा सांपडलींच नाहींत. त्यांच्या नांवांचें स्मारक याच आवारांत आहे. ब्रह्मदेशांतील युद्धासाठीं आफ्रिकेंतील पलटणी या देशांतून गेल्या, ही गोष्ट आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत शोधून सांपडावयाची नाहीं. खडकीच्या दगडावर मात्र ती आहे.

हस्तलिखितांचा व्यासंग असलेल्या वाचकांस दुसऱ्या प्रकरणाचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल. खडकीस आहे ती नक्कल. अस्सल दुसरीकडे आहे. नक्कल सुरक्षित राहिली म्हणून अस्सलाची विचारपूस बंद झाली, हा प्रकार दप्तरखान्यांत आपण पुष्कळ पाहिला आहे. तोच येथें झाला. नांव भिंतीवर आलें. ज्या दगडावर तें प्रथम कोरलें गेलें तो दगड एखाद्या छावणीच्या कोपऱ्यांत, गवतांत, कलंडलेला असूं शकतो. नक्कल करतांना बरेंच गळतें हेंहि आपणांस ठाऊक आहे. भिंतीवर हुद्दा, नांव व पलटण एवढेंच असतें. मूळ दगडावर वय असतें, कधीं मृत्यूचें कारण असतें, कधीं दगड कोणी उभा केला तें असतें. अस्सल शोधून त्याची नकलेशीं जोडणी करणें, हेंच या कामाचें स्वरूप होय.

दगड कोणता धरावयाचा व कोणता सोडावयाचा याला नियम आहे. या सर्व थडग्यांची जबाबदारी ज्या संस्थेकडे आहे ती इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नांवानें २१ मे १९१७ रोजीं सनदेनें स्थापन झाली, आणि १९६० सालीं ‘इंपीरियल’ जाऊन तेथें ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द आला. तिच्या हिशेबीं युद्धमृत तो, ज्याला ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, अथवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या मुदतींत लष्करी चाकरींत असतां मृत्यु आला. गोळी लागून मेला कीं तापानें, पोहतांना बुडाला कीं घोड्याची लाथ बसली, याचा तेथें भेद नाहीं. मुदतीच्या आंत एक दिवस असला तरी दगड युद्धसमाधि ठरतो. बाहेर एक दिवस असला तर तो नुसता जुना दगड. तेव्हां सर्व भार तारखेच्या वाचनावर पडतो.

आणि तारखेच्या वाचनांतच मी फसलों. घाटावरील एका जुन्या छावणीच्या दफनभूमींत मी तीन हिवाळे काम करीत होतों. बरोबर माझा एक जुना विद्यार्थी. कॅमेरा त्याचा, वही माझी. काळ्या पाषाणाचा एक आखूड दगड होता, शेवाळानें अर्धा व्यापलेला. तारीख मीं वाचली ती ऑक्टोबर १९१३. मुदतीच्या बाहेर, सबब वहींत फुली मारली व पुढें गेलों. छायाचित्रहि घेऊं दिलें नाहीं, कारण ऊन चढत होतें आणि अजून दोन ओळी बाकी होत्या.

घरीं येऊन वही साफ करतांना त्याच दगडावरील पलटणीची ओळ पुन्हां वाचली आणि हात थांबला. ती पलटण टेरिटोरियल फौजेची होती. या फौजेच्या पलटणी मूळच्या इंग्लंडांतील घरबंदोबस्ताच्या. येथील नेहमींच्या गोऱ्या पलटणी फ्रान्सच्या रणांगणावर नेण्यासाठीं मोकळ्या कराव्या म्हणून त्या प्रथम १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानांत आल्या. त्या पलटणीचा शिपाई १९१३ सालीं येथें मरण पावणें असंभवनीय. एखाद्या दानपत्रांत दात्याच्या निधनानंतरचें साल आढळावें तसा हा प्रकार. तेथें आपण लगेच पत्र बनावट कीं वाचन चुकीचें असा प्रश्न करतों. येथें बनावटीचें कांहींच कारण नव्हतें. वाचनच चुकलें होतें. पुढच्या रविवारीं आरसा घेऊन गेलों. बाजूनें उजेड पाडतांच शेवटच्या अंकाची डावी बाजू वर आली, आणि तीन दिसत होता तो आठ निघाला. ऑक्टोबर १९१८. खडकीच्या भिंतीवर त्या पलटणीच्या नांवांत तो शिपाई सांपडला. त्याचें वय भिंतीवर नव्हतें; दगडावर होतें, एकवीस. सोबत्यांनीं दगड उभारल्याचीहि ओळ होती. दुसऱ्या कोणी जाणत्यानें तो दगड स्वतंत्रपणें वाचीपर्यंत नांव छापणें बरें नाहीं, म्हणून येथें देत नाहीं.

या अनुभवानंतर आमची पद्धति बदलली. ती थोडक्यांत सांगतों, कारण दुसऱ्या कोणास हें काम करावयाचें झाल्यास त्याचे हेलपाटे वांचतील. दगड सोडून द्यावयाचा असला तरी त्याचें छायाचित्र आधीं घ्यावें. निर्णय घरीं करावा, जागेवर नव्हे. ख्रिस्ती थडग्यांवरील दगड पुष्कळदां पूर्वाभिमुख असतो. सकाळचें ऊन त्याच्या तोंडावर सरळ पडतें, आणि छायाचित्र घेण्यास तीच वेळ उत्तम असें नवख्यास वाटतें. परंतु समोरच्या उजेडांत झिजलेलें अक्षर बुजून जातें. सूर्य डोक्यावर येण्याच्या सुमारास ऊन दगडाच्या अंगाला घासून खालीं उतरतें, तेव्हां अक्षराच्या कांठाला सावली धरते. ती वेळ साधावी. झाडाखालीं किंवा उत्तराभिमुख दगड असल्यास हातभर आरसा पुरे. एकानें तो उन्हांत धरून कवडसा कडेनें टाकावा, दुसऱ्यानें छायाचित्र घ्यावें. आरसा तसूभर हलविला कीं जें अक्षर नव्हतें तें दिसूं लागतें, आणि जें होतें असें वाटत होतें तें नाहींसें होतें. म्हणून एका दगडाचीं तीन-चार छायाचित्रें निरनिराळ्या कोनांतून असावीं.

संगमरवरी दगडांत शिशाचीं अक्षरें बसविण्याची चाल होती. तीं अक्षरें निखळतात, किंवा कोणी काढून नेतो. तरी निराश होण्याचें कारण नाहीं. शिसें धरून राहावें म्हणून प्रत्येक अक्षराच्या रेघेंत बारीक भोंकें पाडलेलीं असतात. तीं कागदावर टिपून घेतलीं तर त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखतां येतें. माझ्या विद्यार्थ्यानें या रीतीनें एक संपूर्ण ओळ लावली, आणि मीं ती मान्य करण्यापूर्वीं आठ दिवस त्याच्याशीं वाद घातला. तो बरोबर होता.

घासणें मात्र वर्ज्य. तारेचा ब्रश, आम्ल, खडू, भिजल्या कागदाचा ठोकून घेतलेला ठसा, यांपैकीं कांहींहि झिजल्या दगडास लावूं नये. स्वच्छ पाणी व मऊ कुंचला एवढ्यानें जें निघेल तेंच आपलें. शिलालेखांचे ठसे घेण्याचा आपला हात बसलेला असतो, त्यामुळें येथें मोह होतो. परंतु सहाशें वर्षें टिकलेल्या काळ्या दगडाला जें सोसतें तें या पोपडे धरणाऱ्या दगडांस सोसत नाहीं. नक्कल घेतांना ओळी दगडावर जशा तोडल्या असतील तशाच ठेवाव्या, शंकित अक्षर कंसांत घालावें, आणि अंक कधींहि आठवणीवरून लिहूं नयेत. हें सर्व आपल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु इंग्रजी अक्षर ओळखीचें म्हणून येथें शिस्त ढिली पडते, असा माझा स्वतःवरून अनुभव आहे.

ऑक्टोबर १९१८ ही तारीख वाचकांनीं लक्षांत ठेवावी. १९१८ च्या जूनांत इन्फ्लुएंझाची साथ प्रथम मुंबईंत दिसली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत ती दुसऱ्यांदा, कितीतरी पटीनें भयंकर होऊन आली. एकट्या मुंबई इलाख्यांत सुमारें दहा लक्ष माणसें तींत गेलीं असा अंदाज आहे. त्या महिन्याचा दगड लढाईचा नसून बहुधा त्या तापाचा असतो. आपल्याकडील हजारों घरांतून जीं माणसें त्याच पंधरवड्यांत नदीवर नेलीं त्यांचा एकहि दगड नाहीं. त्या साथीची तारीखवार, दगडावरची साक्ष हवी असेल तर ती या परक्यांच्या थडग्यांतच मिळते. ‘हे दगड आपले नव्हेत’ म्हणणाऱ्यांस माझें एक उत्तर हें आहे.

दुसरें उत्तर अधिक अडचणीचें आहे, कारण तें प्रश्नाच्या रूपानें येतें. या परक्यांचीं नांवें खडकीस आहेत, तर परमुलखांत मेलेल्या आपल्या माणसांचीं कोठें आहेत?

हिंदु व शीख सैनिकांचें दहन होत असल्यानें थडगें शोधण्यांत अर्थ नाहीं. स्मारकच शोधावें लागतें. फ्रान्समध्यें नव शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. दिल्लीच्या १९३१ च्या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नांवें आहेत. येथपर्यंत ठीक. परंतु पहिल्या महायुद्धांत आपल्या मराठा पलटणींचा मोठा भाग खर्ची पडला तो मेसोपोटेमियांत. कुतच्या वेढ्यांत १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी सांपडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें, आणि कैदेंत गेलेल्यांपैकीं पुष्कळ परत आले नाहींत. या मोहिमेचें मुख्य स्मारक बसरा येथील, १९२९ सालीं उघडलेलें. थडगें अज्ञात असलेल्या ४०५०० हून अधिक मृतांचें तें स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायाचें नांव आहे. हिंदी अधिकाऱ्याचेंहि आहे. हिंदी शिपाई व नाईक-हवालदार यांच्या बाबतींत मात्र पलटणीच्या नांवाखालीं ‘इतर इतके’ असा आंकडा कोरला. नांवें छापील नोंदवहींत ठेवलीं. अमारा येथील डाव्या कांठावरच्या हिंदी दफनभूमींत सुमारें पांच हजार सैनिक आहेत, त्यांपैकीं ओळख पटलेले अवघे नऊ; कारण लष्करी अंमलदारांनीं दफनाची पुरी नोंदच ठेवली नव्हती.

नांवाच्या बाबतींत सर्व मृत समान, हुद्दा, वंश व धर्म यांचा भेद करावयाचा नाहीं, हें तर कमिशनचें मूळ तत्त्व. तें आशियांत व आफ्रिकेंत पाळलें गेलें नाहीं, हें कमिशननेंच नेमलेल्या समितीनें एप्रिल २०२१ च्या अहवालांत कबूल केलें आहे. भारत, पूर्व व पश्चिम आफ्रिका, ईजिप्त व सोमालिया येथील ४५ ते ५४ हजार मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें. आणखी निदान १ लक्ष १६ हजार, कदाचित् साडेतीन लक्षांपर्यंत, मृतांचें नांवानिशीं स्मरण झालेंच नाहीं किंवा मुळींच स्मरण झालें नाहीं, असे त्यांतील आंकडे आहेत. हिंदी लोकांस दगडावरील नांवाचें महत्त्व वाटत नाहीं अशी त्या काळच्या कांहीं अंमलदारांची समजूत होती.

ही समजूत किती निराधार होती हें दाखविण्यासाठीं दूर जावयास नको. भीमेच्या कांठीं कोरेगांवचा स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्या कंपनीच्या देशी शिपायांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत, साध्या शिपायांसुद्धां. त्या स्तंभावरील नांवें कोणाचीं व त्यांवरून काय सिद्ध होतें याविषयीं वाद आहेत. त्यांत मी येथें पडत नाहीं. माझा मुद्दा एवढाच कीं, ज्या राज्यानें १८१८ च्या मृत शिपायांचीं नांवें दगडावर घातलीं, त्याच राज्याला १९२९ सालीं बसऱ्यास आंकडा पुरेसा वाटला.

अर्थात् आपलें घरहि निर्दोष नाहीं. वीरगळ हा आपल्याकडील सर्वांत जुना युद्धसमाधीचा प्रकार. खालच्या चौकटींत लढाई, बहुधा गाईंसाठीं. मधल्या चौकटींत वीरास नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्रसूर्य व कलश. कर्नाटकांत वीरगळावर लेख विपुल. महाराष्ट्रांत मात्र बहुतेक वीरगळ मुके आहेत. गांवकरी त्यांस शेंदूर लावतात, देव म्हणतात, पण वीर कोण हें सांगूं शकत नाहींत. नांव दगडावर नसलें म्हणजे तें कांहीं पिढ्यांत जातें, हें आम्हांस इंग्रजांनीं शिकविण्याची गरज नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें अनेक गांवांत लहान संगमरवरी पाट्या लावल्या. या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर. नांव एकहि नाहीं. म्हणजे बसऱ्याचाच हिशेब गांवच्या चावडीवर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे, जें ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून प्रसिद्ध आहे, तेथील सेहेचाळीस जण त्या युद्धांत पडले. कांहीं ठिकाणीं या पाट्या चुन्याखालीं गेल्या, कांहीं ठिकाणीं इमारत पाडतांना फुटल्या. वीरगळाची नोंद घेणारे आमचे मित्र त्याच पारावर बसून चहा घेतात व ती पाटी वाचीत नाहींत.

आंकड्याचें नांव पुन्हां करतां येईल काय? माझ्या मतें पुष्कळ अंशीं येईल, आणि येथेंच आमच्यासारख्यांचें काम पडतें. नोंदवहींत हिंदी शिपायाच्या नांवापुढें अनेकदां बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. अडचण ती लिपीची. कारकुनानें ऐकलें मराठी, लिहिलें इंग्रजी. त्यावरून छापतांना दुसऱ्यानें वाचलें तिसरेंच. ही तर हस्तलिखित परंपरेंतील नित्याची भ्रष्टता, आणि ती दूर करण्याचे नियमहि तेच. रोमन लिपींत ‘त’ व ‘ट’ एक, ‘द’ व ‘ड’ एक, ‘न’ व ‘ण’ एक, ‘ल’ व ‘ळ’ एक, आणि अकार-आकारांचा भेद नाहीं. त्यामुळें ‘काळे’ व ‘काले’ यांत निवड अक्षरावरून होत नाहीं, गांवावरून करावी लागते. उलट ‘पवार’ हेंच आडनांव दोन-तीन वर्णलेखनांत आढळलें तर तीं तीन घराणीं समजूं नयेत. ग्रामनामांचा घोळ त्याहून मोठा; वाडी व मूळ गांव यांचा गोंधळ, खुर्द-बुद्रुक गळणें, आणि तालुक्यांच्या हद्दी पुढें बदललेल्या. नगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. शंभर वर्षांपूर्वींच्या नोंदींत तें आजच्या नांवानें शोधणारा रिकाम्या हातानें परत येईल. मोडीच्या अभ्यासकांस आणखी एक लाभ आहे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाहीं, त्यामुळें अपुऱ्या लिपींतून पुरा शब्द उभा करण्याची त्यांस संवय असते. संस्कृत पाठांची चिकित्सा मीं जन्मभर शिकविली. तिचा एवढा रोकडा उपयोग पूर्वीं कधीं झाला नव्हता.

पाटीवरील आंकडा व नोंदवहींतील त्या गांवचीं नांवें जुळलीं तर उत्तम. जुळलीं नाहींत तर त्याहून उत्तम, कारण मग गांवांत जाऊन विचारावें लागतें. पंजाबांत या कामाला मोठें साधन मिळालें आहे. लाहोरच्या संग्रहालयांत पडून राहिलेल्या, गांववार तयार केलेल्या नोंदवह्यांत सुमारें ३ लक्ष २० हजार सैनिकांची माहिती असल्याचें २०२१ सालीं जाहीर झालें. आपल्याकडील तालुका कचेऱ्यांचीं जुनीं दप्तरें, पेन्शनचे कागद, इनामपट्टे व घराघरांत जपून ठेवलेलीं पदकें या दृष्टीनें पाहिलीं पाहिजेत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नांव व पलटण कोरलेली असते. तीहि एक लहानशी प्रशस्तिच समजावी.

दुसऱ्या महायुद्धांत ही रीत सुधारली, हें सांगणें न्यायाचें होईल. रंगून व सिंगापूर येथील स्मारकांवर हिंदी सैनिकांचीं नांवें इतरांच्या बरोबरीनें आहेत. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे इटलींत १० जुलै १९४४ रोजीं पडले, त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; थडगें नाहीं, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचें नांव आहे. याच देशांत, रणक्षेत्राबाहेर, मरण पावलेल्या पंचवीस हजारांहून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें दिल्ली व कराची येथें ठेवलेल्या ग्रंथांत आहेत. म्हणजे १९४३ सालीं पुण्याच्या इस्पितळांत मेलेला गोरा शिपाई खडकीस दगडाखालीं, आणि त्याच इस्पितळांत मेलेला मराठा शिपाई दिल्लीच्या पुस्तकांत. पुस्तक कांहीं दगडाहून हलकें साधन नव्हे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस मी सांगूं नये. परंतु पुस्तक कपाटांत असतें, आणि कपाटापर्यंत त्या शिपायाची नात जात नाहीं.

जुनी चूक सुधारतां येते, याचें एक उदाहरण मजजवळ आहे. इंग्लंडांत ब्रायटनजवळच्या टेकडीवर, पहिल्या महायुद्धांत तेथील इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदु व शीख सैनिकांचें दहन झालें. तेथें १९२१ सालीं छत्री उभारली, पण तीवर नांवें नव्हतीं. तीं ५३ नांवें त्याच जागीं दगडावर कोरलीं गेलीं २०१० सालीं. एकोणनव्वद वर्षें लागलीं. नांवें हरवलीं नव्हतीं. कोणीतरी यादी व जागा जुळवून आणावयाची होती.

ज्या वाचकांच्या गांवांत अशी पाटी असेल, किंवा जवळच्या दफनभूमींत वरील मुदतींतील तारखेचा दगड असेल, त्यांनीं त्याचें छायाचित्र मंडळाकडे पाठवावें ही विनंति. गांव व तालुका, दगडाचें तोंड कोणत्या दिशेस, उंची-रुंदी, छायाचित्र किती वाजतां घेतलें, आणि पाटी पूर्वीं दुसरीकडे असल्यास कोठें, एवढें सोबत लिहावें. पाटीवर चुना असेल तर तो खरवडूं नये. आहे तशीच पाठवावी. त्या घाटावरच्या दफनभूमींत आमच्या अजून दोन ओळी राहिल्या आहेत. गवत वाळलें म्हणजे मार्गशीर्षांत पुन्हां जावयाचें ठरलें आहे, आणि या खेपेस आरसे दोन घेणार आहों.